चोचीत पाणी ओतू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

संक्रांत आठवड्यावर आली आहे. नागपुरात महाल, इतवारी, सक्करदऱ्याच्या गच्च्यांवरून ‘ओ काट’ ऐकू यायला लागलं की दोन-चार दिवसांत गल्लीबोळांत, झाडांखाली, मेट्रोच्या खांबांच्या बुडाशी पारवे पडलेले दिसू लागतात. आपण ज्याला सरसकट ‘कबूतर’ म्हणतो तो हा रानपक्षी. पडलेल्या पारव्याभोवती पाच माणसं जमतात, त्यांतला एक कनवाळू माणूस बाटलीचं झाकण भरतो, पारव्याची चोच उघडतो आणि पाणी आत ओततो. मांज्यातून वाचलेला पारवा त्या झाकणभर पाण्यानं मरू शकतो, आणि मरतोही. हे पत्र मुख्यतः तेवढ्यासाठी आहे. बाकीचं ओघानं येईल.

पारव्याची चोच उघडून कधी आत पाहिलं असेल तर जिभेच्या अगदी मागे एक उभी फट दिसते. ती श्वासाबरोबर उघडते आणि मिटते. ते श्वासनलिकेचं तोंड. माणसासारखं ते घशात खोल नाही, जिभेला चिकटूनच आहे. वरून ओतलेलं पाणी पहिल्यांदा तिथंच जातं. धडधाकट पक्षी ती फट वेळेवर मिटतो; धक्क्यानं अर्धमेला झालेल्या पक्ष्याला ते जमत नाही. पाणी फुप्फुसात गेलं की श्वासाला टक-टक असा आवाज येतो, नाकपुड्यांशी बुडबुडे दिसतात आणि प्रत्येक श्वासाला शेपटी वर-खाली होते. काही तिथंच जातात, काही एक-दोन दिवसांनी न्यूमोनियानं.

गंमत अशी, की पारव्याला पाणी पाजावं लागतच नाही. चिमणी किंवा कोंबडी चोचीत थेंब घेऊन मान वर करते, तसं तो करत नाही. तो चोच पाण्यात बुडवून गाईगुरांसारखं ओढून पितो. म्हणून त्याला भांडं हवं ते बशीसारखं उथळ नको, वाटीसारखं, निदान तीन सेंटिमीटर पाण्याचं. पण ही वाटी समोर ठेवायची तीसुद्धा लगेच नाही. आधी दोन कामं आहेत.

पहिलं काम पकडण्याचं. समोरून झडप घातली तर तो फडफडतो आणि मोडका पंख आणखी मोडतो. उन्हात डोक्याला गुंडाळतो तो दुपट्टा किंवा जुना टॉवेल मागून अलगद अंगावर टाकावा. डोकं झाकलं की तो शांत होतो. मग दोन्ही तळवे मिटलेल्या पंखांवर ठेवून उचलावा. हातात धरायची कबूतरबाजांची जुनी पद्धत उत्तम: पक्षी तळहातावर, दोन्ही पाय तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत, अंगठा पाठीवरून पंखांच्या टोकांवर. छाती आवळायची नाही. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत येते. घाबरून घट्ट धरलेला पारवा हातातच गुदमरतो आणि लोक म्हणतात, ‘भीतीनंच गेला बिचारा.’

दुसरं काम अंधाराचं आणि उबेचं. फळांचा किंवा पाण्याच्या बाटल्यांचा पुठ्ठ्याचा खोका घ्यावा. बुटाचा लहान पडतो. पेन्सिलीच्या जाडीची दहा-बारा भोकं पक्षी आत ठेवण्याआधीच पाडावीत. तळाला नुसता वर्तमानपत्राचा कागद नको (आपल्या दैनिकाचाही नको, क्षमस्व!). त्यावरून पाय घसरतात आणि अशक्त पक्ष्याचे पाय फाकले तर तो बसूच शकत नाही. जुनं सुती फडकं चालेल. ज्याच्या टाक्यांत नखं अडकतील असा टॉवेल नको. त्याच फडक्याची डोक्यावर हंडा ठेवायला करतात तशी चुंबळ करावी आणि पारव्याला तिच्यात बसवावं. छातीला आधार मिळतो, पाय अंगाखाली राहतात, शेपटी विष्ठेत भरत नाही. पिंजरा नको. जाळीतून माणसं, कुत्री, मांजरं दिसत राहिली तर त्याचा जीव थाऱ्यावर येत नाही.

निरोगी पारव्याच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे आपल्या हाताला त्याचे पाय गरम लागले पाहिजेत. पाय गार लागले, पिसं फुलवून डोळे मिटून बसला असेल, तर तो थंडावतो आहे असं समजावं. जानेवारीतल्या नागपुरी रात्री असा पक्षी उबेशिवाय सकाळ पाहत नाही. लिटरभराच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत कोमटाहून जरा गरम पाणी भरून, ती टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी. एकाच बाजूला, कारण जास्त झालं तर त्याला सरकता आलं पाहिजे. दोन-तीन तासांनी पाणी बदलावं, नाहीतर गार झालेली बाटली उलट ऊब शोषून घेते. अपवाद एकच: काचेवर किंवा गाडीवर आपटून डोक्याला मार बसला असेल, मान डुगडुगत असेल, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसत असेल, तर वेगळी ऊब देऊ नये, मेंदूची सूज वाढते. अशाला नुसता अंधार आणि शांतता. दोन-चार तासांनी झाकण किलकिलं करून पाहावं. काचेवर आपटलेले कितीतरी पक्षी तेवढ्यावर सावरतात.

मे महिन्यात सगळं उलटं. पारा ४५ च्या वर असताना चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून, गळा थडथडवत बसलेला पारवा उष्माघाताचा. त्याला सावलीत, हवेशीर जागी न्यावं. कूलर चालू असलेली खोली चालेल, पण झोत थेट अंगावर नको. पाय आणि पंखांच्या आतली बाजू नळाच्या साध्या पाण्यानं ओली करावी. बर्फ किंवा फ्रिजचं पाणी वापरू नये, त्या धक्क्यानं तो कोसळतो. इथं मात्र पाण्याची वाटी ताबडतोब समोर हवी.

थंडावलेल्या पारव्याचे पाय उबदार लागायला अर्धा ते एक तास लागतो. त्यानंतर वाटी. चोचीचं नुसतं टोक पाण्याला लावायचं. चोचीच्या मुळाशी पांढरी गाठ असते, तिच्या खाली नाकपुड्या असतात, त्या पाण्याच्या वर राहिल्या पाहिजेत. डोकं दाबून बुडवू नये. तहानलेला असेल तर स्वतःच ओढू लागतो. ओढत नसेल तर दहा मिनिटांनी पुन्हा. फारच झालं तर चोचीच्या कडेला बोटानं एक थेंब लावावा, तो आत घेतला की दुसरा. मान सावरता न येणाऱ्या पक्ष्याला तेही करू नये. त्याला पाणी कातडीखालून इंजेक्शननं द्यावं लागतं आणि ते काम डॉक्टरांचं. पहिल्या दिवशी साध्या पाण्याऐवजी ओआरएस चांगलं. पाकिटावर लिहिलं असेल तितक्याच पाण्यात कालवावं, किंवा एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नये. २४ तासांनी उरलेलं फेकून द्यावं.

खाणं सगळ्यांत शेवटी, निदान एकदा नीट पाणी प्यायल्यावर आणि एक-दोनदा विष्ठा झाल्यावर. थंडावलेल्या, कोरड्या पडलेल्या पक्ष्याची गळ्याखालची अन्नपिशवी काम करत नाही. दाणे तिथंच पडून राहतात, आंबतात. ज्वारी, बाजरी, गहू, मूग, मसूर, बरबटी (चवळी), कच्चे तांदूळ यांतलं घरात असेल ते ठेवावं. धडधाकट पारवा दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणे खातो. पोळी, ब्रेड, बिस्किट, शेव, मुरमुरे, तिळगूळ नको. दूध तर नकोच, पक्ष्यांना ते पचत नाही. स्वतः टिपत नसेल तर याच दिवसांत स्वस्त असणारा मटार कामी येतो. दाणे दोन मिनिटं गरम पाण्यात ठेवून कोमट करावेत. पक्षी टॉवेलात गुंडाळून, चोच बाजूनं हलकेच उघडून एक दाणा जिभेच्या मागे, त्या फटीच्या पलीकडे ठेवावा, चोच मिटू द्यावी, त्यानं गिळला की दुसरा. एका वेळी २५-३० दाणे, दिवसातून तीनदा. दर वेळी आधी गळ्याखाली बोटानं चाचपून पाहावं. मागचे दाणे अजून लागत असतील तर नवे भरू नयेत.

विष्ठा पाहायची सवय लावून घ्यावी. खोक्यात पांढरं फडकं घातलं की ती लगेच दिसते. तपकिरी-हिरवट गोळी आणि तिच्यावर पांढरी टोपी म्हणजे ठीक. गडद चमकदार हिरवी, अगदी थोडी विष्ठा म्हणजे पोट रिकामं, नुसतं पित्त पडतं आहे. अशा पक्ष्याचं छातीचं मधलं हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखं लागतं.

आता मांजा. राष्ट्रीय हरित लवादानं ११ जुलै २०१७ ला नायलॉन आणि तत्सम सिंथेटिक मांज्यावर देशभर बंदी घातली. ती बंदी चक्र्यांपर्यंत किती पोहोचली हे गच्चीवर जाऊन पाहिलं की कळतं. सद्दी, म्हणजे साधा सुती दोरा, ताणली की तुटते. नायलॉन तुटत नाही, करवतीसारखा आत जातो. पारव्याला तो बहुतेक वेळा पंखाच्या पुढच्या कडेला लागतो. खांद्यापासून मनगटापर्यंत तिथं कातडीचा एक ताणलेला पडदा असतो. उडण्याची सारी मदार त्या पडद्यावर. जखम वरून दिसत नाही. पिसांवर रक्ताचा एखादा ठिपका असतो, आणि पाण्यानं भिजवलेल्या बोळ्यानं पिसं बाजूला केली की आत दोन इंच लांबीचा काप उघडा पडलेला असतो.

धागा ओढायचा नाही. हे मोठ्या अक्षरांत छापावं अशी विनंती. ओढला की तो आणखी कापतो. झाडाला लटकलेला पक्षी आधी एका हातानं खालून तोलून धरावा, मगच धागा दोन्ही बाजूंनी दोन-तीन बोटं अंतर ठेवून कात्रीनं कापावा. सैल गुंता तुकडे करत सोडवावा. मांसात रुतलेला तुकडा तसाच ठेवून डॉक्टरांकडे न्यावा. उंच झाडावर असेल तर १०१ वर अग्निशमन दलाला कळवावं. विजेच्या तारेवर असेल तर बांबू घेऊन स्वतः चढाई करू नये, आधी महावितरणला कळवावं. नायलॉनचा मांजा ओला असेल तर त्यातूनही वीज खाली येऊ शकते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी पाच मिनिटं सलग दाबून धरावी. दर मिनिटाला उचलून पाहिलं तर धरलेलं रक्त पुन्हा सुटतं. तुटलेल्या नखातून किंवा पिसाच्या देठातून येणारं रक्त चिमूटभर मक्याच्या पिठानं थांबतं. उघड्या जखमेवर मात्र पीठ नको आणि हळदही नको. हळदीवरची आपली श्रद्धा कळते. पण ती पिसांत चिकटून गोळे होतात, जखमेच्या कडा झाकल्या जातात आणि टाके घालणाऱ्याला आधी ती खरवडून काढावी लागते. तूप, तेल, तेलकट मलमंही नकोत. तेल लागलेली पिसं ऊब धरत नाहीत. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करावं, त्यात चहाच्या सपाट चमच्याहून किंचित कमी मीठ घालावं आणि त्यानं जखम धुवावी. त्याच पाण्यात भिजवलेली गॉजची घडी वर ठेवून पक्षी लगेच न्यावा. पंखाचा पडदा वाळला की आक्रसतो. पहिल्या काही तासांत टाके पडले तर पारवा पुन्हा उडण्याची आशा असते. दोन दिवसांनी वाळून गोळा झालेली कातडी कोणी ताणून देऊ शकत नाही. ‘आज सण आहे, उद्या नेऊ’ यात पंख जातो.

पंख लोंबत असेल तर घरी काडी बांधू नये. पायमोज्याचं पुढचं टोक कापून ती नळी, दोन्ही पंख नेहमीसारखे मिटलेले ठेवून, डोक्यावरून अंगावर चढवावी. पाय मोकळे राहतील इतकंच खाली. मोजा आणि छाती यांच्यात बोट सहज गेलं पाहिजे. हे फक्त दवाखान्यापर्यंत. पारव्याचं हाड दोन-तीन आठवड्यांत जुळतं, म्हणजे वेडंवाकडंही तितक्याच लवकर जुळतं. सांध्यालगत मोडलेला पंख बहुधा पुरता सुधारत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. एका पायाचा किंवा दोन बोटं कमी असलेला पारवा मजेत जगतो. पंखाचं तसं नाही. नेताना गाडीच्या डिक्कीत ठेवू नये, प्लॅस्टिकच्या पिशवीत तर नाहीच.

मांजराच्या तोंडून सोडवलेल्या पारव्याबद्दल एकच सांगणं. जखम दिसो वा न दिसो, त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. मांजराच्या लाळेतले जिवाणू सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून आत जातात आणि एक-दोन दिवसांत रक्तात पसरतात. आदल्या संध्याकाळी टुणटुणीत असलेला पक्षी सकाळी मेलेला सापडतो तो यामुळे. औषध आणि मात्रा डॉक्टर ठरवतील; मात्रा वजनावर असते, म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर खोक्यासकट वजन करून रिकाम्या खोक्याचं वजा करून न्यावं. घरातली दुखण्याची गोळी चुरून देऊ नये. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानं या देशातली गिधाडं कशी संपली आणि २००६ मध्ये ते जनावरांसाठी का बंद करावं लागलं, हे आठवलं तरी पुरे.

बाजारपेठांतल्या पारव्यांच्या पायांत दोरा आणि माणसांचे केस गुंतलेले असतात. पाय आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवावा, वाळलेली घाण सुटली की भिंगातून पाहत, बारीक कात्रीचं बोथट टोक आत सरकवून एकेक फेरा कापावा. एक फेरा राहून गेला तरी बोट काळं पडून गळतं. उंदरांच्या गोंदात चिकटलेल्या पक्ष्याला ओढू नये; उघड्या गोंदावर आधी पीठ भुरभुरावं म्हणजे दुसरा पंख चिकटणार नाही, मग थोडं खाद्यतेल लावून हळूहळू सोडवावं आणि शेवटी भांड्यांच्या साबणाच्या पातळ कोमट पाण्यानं धुवावं. धुतल्यावर ऊब, पुन्हा सगळं पहिल्यापासून. पिसांतून एखादी चपटी माशी सरसर पळताना दिसेल. ती पारव्यांच्या अंगावर राहणारी माशी आहे. अंगावर आली तर किळस येते खरी, पण आपल्या अंगावर ती मुक्काम करत नाही.

जखम नसताना पडलेल्या पारव्यांत सर्वांत जास्त गैरसमज मानमोडीबद्दल आहे. मान पीळ पडल्यासारखी उलटी फिरते, तो मागे-मागे चालतो, दाणा टिपायला जातो आणि चोच शेजारी आपटते, विष्ठा पाण्यासारखी पातळ असते. पाहणाऱ्याला वाटतं मान मोडली, किंवा कोणी करणी केली. हा कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या कुळातला विषाणू. त्याला मारणारं औषध नाही, पण पारवा मरतो तो बहुधा विषाणूनं कमी आणि उपासमारीनं जास्त, कारण त्याला दाणा टिपता येत नाही. पाच सेंटिमीटर खोल भांड्यात काठोकाठ दाणे भरून ठेवले तर नेम चुकला तरी चोचीत काहीतरी येतं. पाण्याची वाटीही खोल आणि जड हवी. मंद उजेड, कमीत कमी हाताळणी. घाबरला की पीळ वाढतो. सहा ते आठ आठवडे धीर धरला तर पुष्कळ पक्षी बरे होतात, काहींची मान ताण आला की आयुष्यभर जराशी वाकते. ज्यांच्या अंगणात कोंबड्या आहेत त्यांनी मात्र हा पक्षी घरी आणू नये, आणि त्याला हात लावलेले कपडे-चपला घेऊन खुराड्याकडे जाऊ नये.

तोंडात पनीरच्या चुऱ्यासारखे पिवळे थर आणि घाण वास असेल तर तो एकपेशीय परजीवीचा रोग आहे. खरवडायला गेलं तर रक्तस्राव होऊन पक्षी हातात जातो. औषधानं मात्र चांगला बरा होतो, फक्त उशीर नको. डोळ्यांभोवती, चोचीपाशी, पायांवर फोड म्हणजे देवी. ती डासांनी पसरते, पावसाळ्यानंतर जास्त दिसते, तीन-चार आठवड्यांत खपल्या आपोआप पडतात. खपल्या उचकटू नयेत. डोळे बंद झाले असतील तर तेवढे दिवस मटाराचे दाणे भरवावे लागतात.

पिलांबद्दल थोडक्यात. पारव्याचं पिल्लू इतर पिलांसारखं आ वासत नाही, ते आईबापांच्या तोंडात स्वतःची चोच खुपसून खातं. म्हणून त्याच्या चोचीत चमचा घालून काही होत नाही. अंगावर सगळी पिसं आली असतील आणि डोक्यावर चार पिवळे केस उरले असतील तर ते उडायला शिकणारं पिल्लू आहे. तरतरीत असेल, पंखांखाली उघडी कातडी नसेल तर जवळच्या उंच कठड्यावर ठेवून लांबून लक्ष ठेवावं. माणसाचा वास लागला म्हणून आईबाप टाकतात ही समजूत खोटी आहे, घरटं सापडलं तर पिल्लू खुशाल परत ठेवावं. डोळे मिटलेलं, उघड्या अंगाचं पिल्लू मात्र जाणकाराकडेच द्यावं.

आता तब्येतीचा प्रश्न. मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून २०२५ साली जो वाद झाला, त्यानंतर लोक पारव्याला हात लावायला घाबरतात. पोत्यानं दाणे टाकून शेकडो पारवे एका चौकात जमवणं आम्हालाही पटत नाही. वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसं खराब होतात, हे खरं आहे. एका आजारी पक्ष्याला दोन दिवस खोक्यात ठेवणं ही वेगळी गोष्ट. हातमोजे घालावेत, मास्क लावावा, विष्ठा आधी ओली करून पुसावी, कोरडी झाडू नये, हात साबणानं धुवावेत, खोका स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत ठेवू नये. दमेकरी, गरोदर बाया, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी हे काम शेजाऱ्यावर सोपवावं. एकाच जागी बरेच पक्षी, त्यातही कावळे किंवा कोंबड्या, एकदम मेलेले दिसले तर मात्र कोणीच हात लावू नये. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूनं गेले, हे नागपूरकरांना सांगायला नको. अशा वेळी पशुसंवर्धन खात्याला कळवणं एवढंच आपलं काम.

कुठं न्यायचं? सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे आणि वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरही तिथंच. पशुसंवर्धन खात्याचा क्रमांक १९६२, वनखात्याचा १९२६. पारव्याऐवजी घुबड, घार किंवा आपला राज्यपक्षी हरियाल सापडला तर तो घरी ठेवूच नये, थेट वनखात्याला द्यावा. आमचं मागणं महापालिकेकडे आहे, आणि ते फार खर्चाचं नाही. संक्रांतीच्या आठवड्यात मनपाच्या दहाही झोन कार्यालयांत भोकं पाडलेले दहा-दहा खोके, जुनी फडकी, एक बोथट टोकाची कात्री आणि रात्री फोन उचलणारा एक माणूस ठेवावा. दुपारपर्यंत सगळीकडे डॉक्टर मिळतात. पारवे पडतात ते संध्याकाळी, थव्यांनी परतताना, आणि नेमके तेव्हाच दवाखाने बंद असतात. आपल्या दैनिकानंही त्या आठवड्यात पहिल्या पानावर दोन ओळींची चौकट द्यावी: धागा ओढू नका, चोचीत पाणी ओतू नका.

बरा झालेला पारवा सोडण्यापूर्वी बंद खोलीत उडवून पाहावा. खिडकीला पडदा असावा, पंखा बंद. जमिनीवरून उठून कपाटाच्या माथ्यावर बसला, आणि दोन-तीनदा बसला, तरच तयार. नुसता भिंतीला धडकून घसरला तर आणखी आठवडाभर थांबावं. जिथं सापडला तिथंच सोडावा. थवा, बसायचा सज्जा, पाण्याची जागा त्याला तिथलीच ठाऊक असते. वेळ सकाळची, पोट भरलेलं. संक्रांतीनंतर निदान चार-पाच दिवस जाऊ द्यावेत, तोवर झाडांवरचे लोंबते धागे काढून घ्यावेत. काढलेला मांजा गुंडाळी करून कचऱ्यात टाकू नये, बोटाएवढे तुकडे करून टाकावा. कचराकुंडीवर पहिले उतरतात ते पारवे आणि कावळेच.

आपले,
काही पक्षिमित्र, नागपूर